ताकदीसाठी वजन वाढवायचंय, पण जास्त खाल्लं की पोट बिघडतं: आहार, पचन आणि व्यायामाचं वेळापत्रक

वजनकाटा | सोमवार, सकाळी ७:१०

सडपातळ मुलं-मुली बारबेल हातात घेतात, पहिले आठ-दहा आठवडे स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) भराभर वाढतात आणि मग आकडा हलेनासा होतो. कोणीतरी सांगतं, "खाणं वाढव." दुसऱ्याच दिवशी दोनाऐवजी पाच पोळ्या, सकाळी चार केळी, रात्री झोपताना अर्धा लिटर दूध. चौथ्या दिवशी करपट ढेकर, पोट डब्ब, जिममध्ये मळमळ. दहाव्या दिवशी खाणं पुन्हा मूळपदावर येतं आणि "माझ्या अंगाला लागतच नाही" असं ठरवून विषय बंद होतो. हा धागा त्या चौथ्या ते दहाव्या दिवसांसाठी आहे.

बारवर एका दिवसात २० किलो कोणी चढवत नाही. ताटात मात्र एका दिवसात हजार कॅलरी चढवल्या जातात. पचनालाही सराव लागतो, आणि तो २.५ किलोच्या प्लेटांसारखाच टप्प्याटप्प्याने द्यावा लागतो.

हिशोबासाठी एक उदाहरण धरू: वजन ५८ किलो, उंची पाच फूट आठ इंच, दिवसभर बैठं काम, आठवड्यात तीन दिवस व्यायाम. अशा तरुणाचं वजन साधारण २१०० ते २२०० कॅलरींवर स्थिर राहतं. वाढवायला त्याला २५० ते ३५० कॅलरी जास्त लागतात, हजार नाही. वजन वाढण्याचा वेग आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का, म्हणजे १५० ते ३०० ग्रॅम. महिन्याला एक किलोच्या आसपास. त्यापेक्षा वेगाने जे चढतं त्यात स्नायू कमी आणि पोटावरची चरबी जास्त असते. प्रोटीन किलोमागे १.६ ते २ ग्रॅम, म्हणजे इथे ९५ ते ११५ ग्रॅम.

पहिले १४ दिवस काहीही वाढवू नका, फक्त मोजा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाणी घेण्याआधी वजन करायचं आणि सात दिवसांची सरासरी लिहायची. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, रात्रीचं लोणचं-पापडही त्याला अर्धा किलो हलवतं. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या. पीठ, तांदूळ, डाळ कच्चं असतानाच तोला, कारण शिजल्यावर पाणी किती शोषलं त्यावर वजन बदलतं. तेलाचा अंदाज हमखास चुकतो. त्यासाठी घरात महिन्याला लागणारं तेल भागिले माणसं भागिले ३० केलं की रोजचा वाटा कळतो.

त्यानंतर १५० ते २०० कॅलरींची एकच भर घाला आणि १० ते १४ दिवस तिथेच थांबा. पोट शांत असेल आणि सरासरी वजन हलत नसेल, तरच पुढची भर.

---

रॅक_आणि_बार | सोमवार, सकाळी ९:४५

चांगला धागा. पहिल्या पंधरवड्याबद्दल एक सांगायला हवं. खाणं वाढवलं की पहिल्या आठ-दहा दिवसांतच एक ते दीड किलो वाढ दिसते. ते स्नायू नसतात. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन (साठवलेली साखर) साठतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी येतं, शिवाय आतड्यात अन्नही जास्त असतं. तिसऱ्या आठवड्यात वेग एकदम कमी होतो, लोक घाबरून आणखी ५०० कॅलरी घालतात आणि पोट तिथेच बिघडतं. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याची सरासरी बघा, तीच खरी.

दुसरं, व्यायामाआधीचं खाणं. भरपेट जेवण आणि जड स्क्वॉट यांत किमान तीन तास हवेत. जड वजनाखाली आपण पोटात हवा भरून श्वास रोखतो, वरून बेल्ट आवळलेला असतो. पोटातला दाब वाढतो आणि जठरातलं अन्न वर ढकललं जातं. घशाशी येणारं आंबट पाणी, तिसऱ्या सेटनंतरची मळमळ, डोकं हलकं होणं, हे सगळं बऱ्याचदा जेवणाच्या वेळेमुळे असतं, जेवणाच्या प्रमाणामुळे नाही.

तासाभरापूर्वी खायचंच असेल तर केळं, दोन ब्रेड आणि जॅम, किंवा मूठभर चुरमुरे आणि थोडा गूळ. त्या वेळी शेंगदाणे, पनीर, तळलेलं किंवा म्हशीचं दूध नको. स्निग्ध पदार्थ जठरात सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात.

---

मेसचा_डबा | सोमवार, दुपारी १२:३०

वरचं सगळं घरी स्वयंपाक असेल तर जमतं. पुण्यात पेठेत राहून अभ्यास करणाऱ्यांचं काय? खोलीत गॅस नाही, फक्त पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली. दोन वेळा मेसचा डबा: चार पोळ्या, वाटीभर भाजी, पातळ आमटी, भाताची मूद. यात मोजायचं काय आणि वाढवायचं कसं? महिन्याला पैसेही जेमतेमच.

---

आहारवही | सोमवार, दुपारी २:१५

@मेसचा_डबा, हिशोब करून टाकू.

मेसची पोळी पातळ असते, २५ ते ३० ग्रॅम पिठाची. चार पोळ्या, भाजी, आमटी, मूदभर भात मिळून साधारण ८५० ते ९०० कॅलरी आणि २२ ते २५ ग्रॅम प्रोटीन. दोन वेळचे मिळून १७५० कॅलरी, प्रोटीन जेमतेम ४५ ते ५०. म्हणजे डब्याबाहेरून सात-आठशे कॅलरी आणि ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं.

तीन अंडी: २१५ कॅलरी, १८ ग्रॅम. पिशवीतलं टोन्ड दूध अर्धा लिटर, दोन वेळांत विभागून: २९० कॅलरी, १५ ग्रॅम. फुटाणे ४० ग्रॅम: १५० कॅलरी, ८ ग्रॅम. भाजलेले शेंगदाणे ३० ग्रॅम: १७० कॅलरी, ७ ते ८ ग्रॅम. बेरीज सव्वाआठशे कॅलरी आणि प्रोटीन ५० च्या जवळ. यातलं काहीच महाग नाही आणि फ्रीजही लागत नाही. दूध मात्र प्रत्येक वेळी ताजं आणून लगेच किटलीत तापवून संपवायचं. उतू जाणार नाही अशा बेताने अर्धीच किटली भरायची आणि नंतर लगेच धुवायची, नाहीतर तळाला साय करपून चिकटते.

अंडी किटलीत उकडता येतात. अंडी बुडतील इतकं पाणी, उकळी आली की किटली आपोआप बंद पडते, झाकण न उघडता तीन मिनिटांनी पुन्हा बटण, असं दोन-तीनदा. एकूण १२ मिनिटं. मग गार पाण्यात.

अंडी चालत नसतील तर सोया चंक्स ४० ग्रॅम, त्यात २० ग्रॅम प्रोटीन. ते नीट धुतले नाहीत तर वास येतो आणि रात्रभर पोटात गुडगुड होते. उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून १५ मिनिटं भिजवायचे, घट्ट पिळायचे, पुन्हा गरम पाण्यात घालून पुन्हा पिळायचे. पिळलेलं पाणी फेसाळ, पिवळसर निघतं. ते जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत पिळायचं. मग आमटीत टाका. पहिल्या आठवड्यात २० ग्रॅमच घ्या.

आणि मेसच्या काकूंना विचारून बघा, पातळ आमटीऐवजी एक वाटी घट्ट वरण वेगळं मिळतं का. बऱ्याच ठिकाणी थोडे पैसे जास्त घेऊन देतात. पातळ आमटीत डाळ १० ते १५ ग्रॅम असते, घट्ट वरणात ३० ते ४०.

---

खुराक | सोमवार, सायंकाळी ६:०५

एवढ्या मोजमापाची गरज आहे का? कोल्हापूरच्या तालमींमध्ये पैलवान पिढ्यान्‌पिढ्या दूध, तूप, बदामाच्या थंडाईवर अंग कमावत आलेत. कुंडीत घोटलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची आणि वर दूध. अंगाला लागतंच की.

---

वजनकाटा | सोमवार, रात्री ८:२०

@खुराक, तालमीचा खुराक खरा आहे, पण त्याच्या जोडीला तालमीची मेहनतही आहे. पहाटे उठून जोर-बैठका, आखाडा उकरणं, लढती, संध्याकाळी पुन्हा मेहनत. दिवसाचे कित्येक तास अंग मोडून काम होतं. शिवाय मुलगा लहान वयात तालमीत येतो आणि त्याचा खुराक वस्ताद वर्षानुवर्षं हळूहळू वाढवत नेतात. तोच खुराक आठवड्यातून तीन तास जिम आणि उरलेला दिवस खुर्चीवर असणाऱ्याने उचलला तर अर्धा पोटावर जाणार आणि अर्धा पोट बिघडवणार.

अमेरिकेतल्या जिमवाल्यांमध्येही अशीच एक टूम आहे: दिवसाला गॅलनभर, म्हणजे ३.८ लिटर दूध. त्यात जवळपास २४०० कॅलरी आणि सुमारे १८० ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर). आपल्याकडे तर मोठेपणी लॅक्टोज पूर्ण न पचणारी माणसं भरपूर आहेत. त्यांच्याबाबतीत न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथे जंतू तिच्यापासून वायू करतात आणि ती पाणीही ओढून घेते. फुगणं, गुडगुड, जुलाब हे त्याचंच. म्हशीचं दोन लिटर दूध म्हणजे सुमारे १८०० कॅलरी आणि १२० ग्रॅमहून जास्त स्निग्धांश, वर लॅक्टोज १०० ग्रॅमच्या घरात. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि पुढचं जेवण जात नाही.

दूध पचतं की नाही हे घरी तपासता येतं. तीन दिवस दूध पूर्ण बंद, चहातलंसुद्धा. चौथ्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी २५० मिली दूध घ्या आणि पुढचे चार तास लक्ष ठेवा. पोट फुगलं, गुडगुडलं, पातळ झालं तर एका वेळी तेवढं दूध झेपत नाही. याचा अर्थ दूध कायमचं बंद असा नाही. जेवणासोबत अर्धा कप घेतलं तर बहुतेकांना चालतं. दह्यात लॅक्टोज थोडं कमी असतं आणि दह्यातले जंतू उरलेलं पचवायला मदत करतात. पनीरमध्ये ते फार कमी, तुपात जवळजवळ नाहीच.

थंडाई जरूर घ्या. १५ बदाम, चमचाभर खसखस, २०० मिली दूध, साखर बेताची. तीनशेच्या आसपास कॅलरी होतात.

---

खुराक | सोमवार, रात्री ८:५०

मेहनतीचा मुद्दा मान्य. आणि धारोष्ण दूध? गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर लोक समोर म्हैस पिळून घेतात आणि तिथेच पितात.

---

वजनकाटा | सोमवार, रात्री ९:०५

चव आणि परंपरा दोन्ही थोर, पण वजन वाढवण्याच्या काळात तरी तापवलेलंच घ्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, जनावरांचा क्षय आणि पोटाचे संसर्ग माणसात येतात. एका जुलाबाच्या आठवड्यात महिन्याभराची कमाई जाते. तापवल्याने प्रोटीन आणि कॅलरी कमी होत नाहीत.

---

भाकरतुकडा | मंगळवार, सकाळी ६:४०

वजन वाढवणाऱ्यांचा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा म्हणजे अन्नाचं आकारमान. ज्वारीची एक भाकरी ६० ते ७० ग्रॅम पिठाची, त्यात सहा-सात ग्रॅम फायबर. तीन भाकरी, उसळ, कच्चा कांदा, कोशिंबीर खाल्ली की पोट तुडुंब, पण कॅलरी आठशेच्या आसपासच. वजन कमी करणाऱ्याला हे वरदान, वाढवणाऱ्याला अडचण. भाकरी सोडू नका, एकावर या. उरलेली जागा भाताला द्या. मऊ भात, मेतकूट, दोन चमचे तूप: पोटाला हलकं, चावायला सोपं आणि चारशे कॅलरी कधी गेल्या कळत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला घरोघरी हेच देतात, त्याला कारण आहे.

फायबर दिवसाला २५ ते ३५ ग्रॅम राहू द्या. त्याखाली गेलात तर बद्धकोष्ठ होतं, आणि पोट साफ नसेल तर भूक मरते. खाणं वाढलं की पाणीही वाढवा, पण जेवताना लिटरभर पिऊ नका, दोन जेवणांच्या मधे प्या.

कडधान्यांच्या वायूबद्दल. मटकी, चवळी, हरभरा, राजमा यांत अशा काही साखरा असतात ज्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. त्यातल्या बऱ्याच पाण्यात उतरतात. म्हणून ८ ते १० तास भिजवून ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. मोड आणले तर आणखी कमी होतात. मटकीला फडक्यात बांधून उन्हाळ्यात १२ ते १५ तास, थंडीत २४ तास लागतात. मोड अर्धा सेंटिमीटर दिसला की पुरे. कच्ची मोडाची मटकी वाटीभर खाणं हा जिममधला आवडता सल्ला आहे, पण पोट बिघडायचं तेही नेमकं एक कारण आहे. एक शिटी काढाच. ओलसर, कोमट मोडांत जंतू फार वेगाने वाढतात.

सुरुवात अर्ध्या वाटीने. आतड्यातल्या जंतूंना जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात, मग तीच उसळ विनातक्रार पचते. राजमा-छोले दुपारी, मूगडाळ रात्री.

---

आहारवही | मंगळवार, सकाळी ११:३०

भाकरतुकडा यांच्या मुद्द्याला जोडून: भूक नसेल तर प्या. पातळ अन्न चावलेल्या अन्नाइतकं पोट भरल्यासारखं वाटू देत नाही. फुल क्रीम दूध २५० मिली, फुटाण्याचं पीठ ३० ग्रॅम, एक केळं. सव्वाचारशे कॅलरी, १५ ग्रॅम प्रोटीन. आधी पीठ दोन चमचे थंड दुधात कालवून गुठळ्या मोडून घ्या, मग बाकीचं दूध आणि केळं घालून फिरवा. उलट क्रमाने केलं की पिठाच्या गाठी भांड्याच्या तळाशी बसतात. दूध सोसत नसेल तर २०० ग्रॅम दही घुसळून घ्या. ग्लास १५-२० मिनिटांत घोटघोट संपवा. एका दमात प्यायलं की हवाही गिळली जाते.

५८ किलोच्या उदाहरणाचा एक दिवस असा दिसेल. सकाळी ७० ग्रॅम पोहे, त्यात २० ग्रॅम शेंगदाणे, दोन चमचे तेल, सोबत दोन उकडलेली अंडी. अकरा वाजता वरचं दूध-फुटाणा-केळं. दुपारी दोन पोळ्या, घट्ट वरण, भाजी, त्यात ३० ग्रॅम सोया चंक्स, वाटीभर दही. पाच वाजता एक केळं, साडेसहाला व्यायाम. रात्री ८० ग्रॅम तांदळाचा भात, वरण, ६० ग्रॅम पनीर, दोन चमचे तूप. सगळं मिळून २५०० कॅलरींच्या आसपास, प्रोटीन १०० ते १०५. ताट कुठेही डोंगराएवढं दिसत नाही.

अंडी न खाणाऱ्यांनी सकाळच्या अंड्यांऐवजी दोन मूगडाळीचे डोसे आणि ५० ग्रॅम पनीर घ्यावं. निव्वळ शाकाहारी असाल तर वर्षातून एकदा बी-१२ तपासा. ते कमी असेल तर थकवा आणि भूक न लागणं यांचं खापर उगाच व्यायामावर फुटतं.

---

नवी_प्लेट | मंगळवार, दुपारी ३:५०

मास गेनरचा (वजन वाढवायच्या पावडरीचा) मोठा डबा घ्यावा का? दुकानदार म्हणतो एका वेळी १२०० कॅलरी मिळतात. आणि क्रिएटिन, म्हणजे ताकदीसाठी घेतात ती पावडर, तिच्याबद्दल दहा जणांची दहा मतं ऐकू येतात.

---

रॅक_आणि_बार | मंगळवार, सायंकाळी ५:३०

@नवी_प्लेट, डब्याच्या मागचं लेबल वाचा. मोठ्या गेनरमध्ये बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे स्टार्चपासून केलेली झटपट पचणारी पावडर. "एका वेळी" म्हणजे किती, तेही बघा, कित्येकदा ३०० ग्रॅम असतं. एवढी पावडर एकदम दुधात ढवळून प्यायली की जठरात एक घट्ट, गोड द्रावण तयार होतं. त्याला पातळ करायला शरीर आतड्यात पाणी ओढतं, आणि पळापळ होते. त्यात व्हे कॉन्सन्ट्रेट (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर) असेल तर लॅक्टोजही आलंच. घ्यायचाच असेल तर लेबलवरच्या मात्रेचा चौथा हिस्सा, पाण्यात. पण फुटाण्याचं पीठ, केळं, दूध बऱ्याच कमी किमतीत तेच काम करतं. प्रोटीन कमीच पडत असेल तर साधं व्हे एक चमचा. दुधाचा त्रास असणाऱ्यांनी आयसोलेट (जास्त शुद्ध केलेलं व्हे) घ्यावं, त्यात लॅक्टोज फार कमी. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक आणि सील तपासा.

क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी, जेवणानंतर, भरपूर पाण्यात. यावर अभ्यास खूप झालेत आणि निरोगी माणसाला ते चालतं. शाकाहारी लोकांच्या स्नायूंत मुळात क्रिएटिन कमी असतं, म्हणून त्यांना फरक जास्त जाणवतो. पहिला आठवडा रोज २० ग्रॅम घ्यायची पद्धत आहे, पण जुलाब होतात ते त्यानेच. गरज नाही. तीन-चार आठवड्यांत ३ ग्रॅमनेही साठा तेवढाच भरतो. वजन एक-दोन किलो वाढेल, ते स्नायूंतलं पाणी. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायचा आकडा) थोडं वर दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा. किडनीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

---

शतपावली | मंगळवार, रात्री १०:१५

रात्रीच्या व्यायामाचं विचारायचं होतं. ऑफिस सुटून जिम साडेआठला, जेवण दहाला, झोप अकराला. जळजळ ठरलेली. रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणारे या वेळापत्रकात खूप दिसतात.

---

भाकरतुकडा | बुधवार, सकाळी ६:२५

@शतपावली, या वेळापत्रकात मोठं जेवण रात्री ठेवायचं नाही. दिवसाच्या कॅलरींचा मोठा वाटा दुपारी दोनच्या आत उरका: नाश्ता ६००, अकराचा ग्लास ४००, दुपारचं जेवण ८००. साडेसहाला ऑफिसातच दोन पोळ्या आणि कोरडी भाजी किंवा अंडाभुर्जी, साधारण ४०० कॅलरी. जिमनंतर फक्त मऊ भात-वरण किंवा दहीभात आणि प्रोटीन, ४०० ते ५०० कॅलरी. मसालेदार, तळलेलं, टोमॅटोचा रस्सा, कॉफी रात्री नको.

जेवणानंतर १०-१५ मिनिटं शतपावली. पाय मोकळे करण्यापुरती, वेगाने नाही. आडवं व्हायला किमान दोन, शक्यतो तीन तास. तेवढा वेळ मिळत नसेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ सेंटिमीटरचे ठोकळे. दोन उशा घेऊन मान वाकवली की पोट दुमडतं, उपयोग होत नाही. आणि डाव्या कुशीवर झोपा. वामकुक्षी डावीच का, तर डाव्या कुशीवर जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि आम्ल अन्ननलिकेपर्यंत कमी चढतं.

गोळ्यांचं मात्र गंभीर आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त लागत असतील तर डॉक्टर गाठा. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतल्या तर बी-१२ आणि लोह नीट शोषलं जात नाही.

---

आहारवही | बुधवार, सकाळी १०:००

आता कंबरेबद्दल, कारण आपल्या लोकांसाठी हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. अशा शरीरात घाईने वजन कोंबलं की ते पोटात साठतं आणि साखर वाढायला वेळ लागत नाही.

म्हणून वजनासोबत दर रविवारी सकाळी बेंबीच्या पातळीवर टेप लावा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. वजन दोन किलो वाढताना कंबर एक-दीड सेंटिमीटर वाढली तर ठीक. तीन-चार वाढली तर १५० कॅलरी कमी करा. पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर ओलांडायचे नाहीत. घरात मधुमेह असेल तर सुरुवातीला आणि दर सहा महिन्यांनी एचबीए१सी (सरासरी साखरेची रक्ततपासणी), तूप-खोबरं जास्त असेल तर तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), महिन्यातून एकदा रक्तदाब. नव्याने घोरणं सुरू झालं, सकाळी डोकं जड राहू लागलं, तर वजन फार वेगाने चढतंय.

---

वजनकाटा | बुधवार, दुपारी १:१०

आहारवही, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

काही गोष्टींत आहार बदलत बसू नका, थेट तपासणी करा. नीट खाऊनही वजन उतरतंय. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप, कारण क्षयरोग असाच गुपचूप वजन खातो. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, सैलसर शौचाला वारंवार जावं लागणं, यात थायरॉइड बघायचं. खूप तहान आणि वारंवार लघवी, यात साखर. गहू खाल्ल्यावर कायम पातळ होणं आणि हिमोग्लोबिन कमी, यात सीलिॲक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार). शौचातून रक्त, काळी विष्ठा, गिळताना अडकणं, रोजची उलटी, यात तर एक दिवसही थांबू नका. आणि खाण्याची भीती वाटते, खाल्लं की अपराधी वाटतं, असं असेल तर काटा आणि वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोलायचं.

---

नवी_प्लेट | बुधवार, रात्री ८:४०

शेवटचा प्रश्न. भर घातली, आठवडाभर ठीक होतं, मग पोट बिघडलं. तेव्हा नेमकं काय करायचं? सगळं बंद करून खिचडीवर यायचं का?

---

रॅक_आणि_बार | बुधवार, रात्री ९:३०

एक पायरी खाली या, तळाला नाही. शेवटची १५०-२०० ची भर काढा आणि पाच-सात दिवस आधीच्या आकड्यावर राहा. जुलाब असतील तर दोन दिवस मूगडाळीची मऊ खिचडी, ताक आणि मीठ-साखर-पाणी, त्या दोन दिवसांत जड वजन उचलू नका. अंगातलं पाणी कमी असताना स्क्वॉटखाली चक्कर येते.

मग तीच भर दुसऱ्या रूपात घाला. दुधाने फुगलं असेल तर तेवढ्याच कॅलरी भात-तुपातून. तुपाने जड वाटलं असेल तर केळं, खजूर, पोह्यातून. उसळीने वायू झाला असेल तर मूगडाळ किंवा अंडी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. वहीत कॅलरींच्या बाजूला पोटासाठी एक रकाना ठेवा आणि रोज रात्री ० ते ३ आकडा लिहा: ० म्हणजे काही नाही, ३ म्हणजे जिम चुकली. सलग तीन दिवस २ आला की मागे या.

बारवरही तसंच. खाणं वाढलं म्हणून सेट दुप्पट करू नका. प्रत्येक स्नायूगटाला आठवड्यात १० ते १५ जड सेट, स्क्वॉट-डेडलिफ्टमध्ये २.५ किलोची वाढ, बेंच (आडवं पडून) आणि ओव्हरहेड (डोक्यावर) प्रेसमध्ये जमलं तर एक किलोची. छोट्या प्लेटा बहुतेक जिममध्ये नसतात, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या स्वतःच्या घेऊन पिशवीत ठेवाव्या. महिनाभर वजन वाढतंय पण एकाही उचलीत भर नाही, तर आधी झोप बघा. सात तासांच्या खाली असेल तर पुढची २०० ची भर थांबवा आणि आधी झोप पूर्ण करा.

---

मेसचा_डबा | गुरुवार, सकाळी ७:५५

घट्ट वरणाचं विचारलं. महिन्याला थोडे वाढवून वेगळी वाटी देणार आहेत. किटलीत अंड्यांना वरच्या कृतीने १२ मिनिटं पुरली, पण मोठ्या अंड्यांना १४ लागतात, नाहीतर मधला बलक ओला राहतो.